पळस फुलतो तेव्हा पाहुणे निघालेले असतात

वसंतात फुलं फुलतात आणि पक्षी येतात, हे वाक्य आपण शाळेच्या निबंधापासून लिहीत आलो. नागपूरपुरतं त्यातलं अर्धंच खरं आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलं फुलतात, अगदी रानभर फुलतात. पण पक्षी त्याच दिवसांत चालते होतात. अंबाझरीवरची बदकं विरळ होतात, उमरेडकडच्या तलावांवरचे पट्टकादंब दिसेनासे होतात, आणि गच्चीवर शेपटी हलवत फिरणारा धोबी एके सकाळी आलेलाच नसतो. जे खरोखर आपल्याकडे येणारे, ते नवरंग आणि चातक, वसंत पार सरल्यावर, नवतपा म्हणजे मे अखेरचे रणरणत्या उन्हाचे नऊ दिवस पेटल्यावर किंवा मृगाच्या तोंडावर हजर होतात.

हा उलटा हिशेब कळायला एक गोष्ट धरून ठेवावी लागते. पक्षी बरेचसे उजेडाकडे बघून वागतात आणि आपल्याकडची झाडं बरीचशी पाण्याकडे बघून. दोघांचे हिशेब वेगळे, वहीखातं वेगळं. मार्चमध्ये ते एकाच फांदीवर जुळून येतात म्हणून आपल्याला सगळं एकाच ऋतूचं वाटतं.

उजेडाचा हिशेब

नागपूर २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात इथे दिवस साधारण १० तास ५० मिनिटांचा असतो आणि जूनच्या तिसऱ्या आठवड्यात १३ तास २५ मिनिटांच्या आसपास. वर्षभरात मिळून फरक अडीच तासांचा. मार्चमध्ये दिवस रोज जेमतेम सव्वा मिनिटाने वाढतो. माणसाला ते कळत नाही, कूलरमध्ये वाळा कधी भरायचा हे आपण घामावरून ठरवतो. पक्ष्याच्या शरीराला मात्र ही वाढ मोजता येते.

घाम आणि थंडी हे पक्ष्याच्या दृष्टीने भरवशाचे साक्षीदार नव्हेत. एखाद्या वर्षी जानेवारीतच पंखे लागतात, एखाद्या वर्षी फेब्रुवारीत गारपीट होऊन पुन्हा स्वेटर निघतात. दिवसाची लांबी मात्र दरवर्षी त्या तारखेला तेवढीच. हिमालय ओलांडायचा आहे, उशीर चालणार नाही आणि घाईही चालणार नाही, अशा जिवाने विश्वास ठेवायचा तर तो यावरच ठेवावा.

हे पहिल्यांदा नीट दाखवलं विल्यम रोवन यांनी, कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात, १९२०च्या दशकात. जंको नावाचे चिमणीएवढे पक्षी त्यांनी ऐन हिवाळ्यात उघड्यावरच्या पिंजऱ्यांत ठेवले आणि संध्याकाळी विजेचे दिवे लावून त्यांचा दिवस रोज थोडाथोडा लांबवत नेला. बाहेर पारा शून्याच्या कितीतरी खाली, आणि पिंजऱ्यातल्या पक्ष्यांची प्रजननाची इंद्रियं वसंत आल्यासारखी वाढू लागली. ऊब मिळाली नव्हती, मिळाला होता फक्त उजेड.

पुढे फ्रान्समध्ये झाक बेन्वा यांनी १९३०च्या दशकात बदकांवर प्रयोग केले. त्यात निघालेली गोष्ट आजही ऐकणाऱ्याला खोटी वाटते. बदकाचे डोळे झाकले तरी लांब दिवसाचा परिणाम होत होता. उजेड कवटीतून पार होऊन सरळ मेंदूपर्यंत पोचत होता. अंधारात मोबाइलच्या टॉर्चवर बोटं ठेवली की ती लालबुंद दिसतात, तसाच प्रकार. पक्ष्यांच्या मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमस नावाच्या भागात, उजेड ओळखणाऱ्या पेशी आहेत. दिवस ठरावीक लांबीच्या पुढे गेला की त्या भागात थायरॉइडचं संप्रेरक कामाला लागतं, तिथून पिट्युटरी ग्रंथीला निरोप जातो आणि पिट्युटरी पुढची सूत्रं हलवते. हिवाळाभर आक्रसून बसलेली नराची वृषणं काही जातींत शेकडो पटींनी वाढतात. विणीचा काळ संपला की पुन्हा आक्रसतात. उडणाऱ्या प्राण्याला नको तेव्हा कुठलंही ओझं अंगावर वागवणं परवडत नाही.

आपल्याकडेही यावर मोठं काम झालं आहे आणि ते ज्या पक्ष्यावर झालं तो आपल्या शेतातलाच. काळ्या डोक्याचा भारीट हिवाळ्यात मध्य आणि पश्चिम भारतातल्या ज्वारी-गव्हाच्या शेतांवर थव्याने उतरतो आणि वीण करायला पश्चिम आशिया ते आग्नेय युरोप इतक्या लांब जातो. लखनौ आणि नंतर दिल्ली विद्यापीठातले विनोद कुमार आणि त्यांचे सहकारी अनेक दशकं या भारीटांचा अभ्यास करत आले. कृत्रिम उजेडाने दिवस लांबवला की हा पक्षी अधाशासारखा खाऊ लागतो, अंगावर चरबी चढते आणि मग रात्री झोपायचं सोडून पिंजऱ्यात फडफडत राहतो. भारीट स्थलांतर रात्रीच करतो. पिंजऱ्यात बसूनच त्याचा प्रवास सुरू झालेला असतो. शास्त्रात या तळमळीला जर्मन नाव आहे, ‘त्सुगउनरुह’.

इथे एक शंका यायला हवी. विषुववृत्ताजवळ हिवाळा काढणाऱ्या पक्ष्याचं काय? तिथे दिवस लहान-मोठा होतोच कुठे? त्यावर उत्तर दिलं एबरहार्ड ग्विनर या जर्मन शास्त्रज्ञाने, १९६०च्या दशकात. त्यांनी छोटे वटवटे वर्षानुवर्षं एकाच मापाच्या दिवस-रात्रीत ठेवले, बारा तास उजेड, बारा तास अंधार, बदल काहीच नाही. तरीही ठरावीक काळाने त्यांची पिसं झडली, नवी आली, रात्रीची फडफड सुरू झाली, थांबली. शरीरातच एक वर्ष दडलेलं आहे. ते अगदी बारा महिन्यांचं भरत नाही, थोडं कमी पडतं, आणि बाहेरचा उजेड ते दरवर्षी जुळवून देतो.

आता आपल्या तलावावरच्या पट्टकादंबाकडे बघा. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हा राखाडी हंस वीण करतो लडाख, तिबेट, मंगोलियातल्या सरोवरांकाठी. मार्चमध्ये ती सरोवरं पुष्कळ ठिकाणी गोठलेलीच असतात. तिथला बर्फ वितळायला लागला हे विदर्भात बसून त्याला कळायचा काही मार्ग नाही. २१ मार्चच्या सुमाराला नागपुरातला दिवस आणि मंगोलियातला दिवस सारख्याच लांबीचे असतात, हा एवढाच दुवा. तेवढ्यावर तो निघतो, वाटेत टप्पे घेत, पुढचं हवामान अजमावत. उपग्रह-ट्रान्समीटर लावलेले पट्टकादंब हिमालयावरून जाताना सात हजार मीटरच्याही वर गेल्याची नोंद आहे.

एकाच फांदीवर

दोन्ही हिशेब जुळताना बघायचे असतील तर मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात रामटेककडे जाणाऱ्या रस्त्यावर किंवा गोरेवाड्याच्या बाजूला एखादा भरगच्च पळस गाठा. सकाळी, ऊन चढायच्या आत. शेंड्यावर कलकलाट चाललेला असेल तर त्या भोरड्या असण्याची शक्यता मोठी. गुलाबी अंग, काळं डोकं, काळे पंख. पळसमैना असंही त्यांना म्हणतात. या कझाकस्तान-तुर्कमेनिस्तानच्या गवताळ मैदानांवरच्या, जिथे टोळ आणि नाकतोडे भरपूर निघतात तिथे वसाहती करून वीण करणाऱ्या. एप्रिल संपेपर्यंत त्या गेलेल्या असतात. पळसाचा आणि सावरीचा मध म्हणजे त्यांची प्रवासाची शिदोरी. साखर पोटात जाते आणि चरबी होऊन साठते.

एक फूल हातात घेऊन बघा. खाली मखमली, काळपट-हिरवा पेला. त्यातून पाच पाकळ्या निघतात. एक मोठी पाकळी मागे वळलेली, दोन बाजूंना, आणि दोन एकमेकींना चिकटून पोपटाच्या चोचीसारखा बाक घेतलेल्या. त्या चोचीत दहा पुंकेसर आणि मधला स्त्रीकेसर लपलेले असतात. बोटाने ती चोच हलकेच खाली दाबा, पुंकेसर बाहेर येतील आणि पिवळे परागकण बोटाला लागतील. पक्षी मधासाठी फुलात शिरतो तेव्हा नेमकं हेच त्याच्या गळ्याला होतं. वास घ्यायला जाल तर काही मिळणार नाही. पक्ष्यांना बोलावणाऱ्या फुलाला वासाची गरज नसते, रंग पुरतो. सुभाषितकारांनी निर्गंध किंशुकाला, म्हणजे पळसाला, नावं ठेवली ती माणसाच्या नाकाने.

पण गर्दी करणारा प्रत्येक पक्षी झाडाच्या कामाचा नसतो. दिल्ली विद्यापीठातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी २००३मध्ये पळसावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. फुलांवर कितीतरी जातींचे पक्षी येत होते, पण परागीभवन खऱ्या अर्थाने करत होता तो इवलासा जांभळा शिंजीर. आणि दुसरी कोण, तर खार! बाकीचे पुष्कळसे मध पिऊन, फुलं कुस्करून निघून जाणारे. पळसाखाली जी केशरी रास पडलेली असते तिच्यात या पाहुणचाराचाही वाटा असतो.

पाण्याचा हिशेब

ऑक्टोबरनंतर फारसा पाऊस नाही, जमीन भेगाळत चाललेली, ऊन रोज चढतं, आणि नेमकं तेव्हाच हे झाड अंगावर एकही पान नसताना फुलांनी पेटतं. पाणी येतं कुठून?

संत्रा बागायतदाराला हे समजावून सांगावं लागत नाही. काटोल-वरुडकडचा शेतकरी आंबिया बहार धरायचा तर डिसेंबरात बागेचं पाणी तोडतो. त्याला बागेला ताण देणं म्हणतात. थंडी आणि ताण यांनी झाडाची वाढ थांबते, पानं मलूल होतात, आणि जानेवारीत पाणी सोडून ताण तोडला की नवी पालवी आणि फुलं एकदम येतात. मृग बहाराला हेच मे महिन्याच्या उन्हात होतं आणि ताण तोडतो तो मृगाचा पाऊस.

पळसाला पाणी सोडायला कोणी येत नाही. तो स्वतःच खर्च बंद करतो. झाडाचं बहुतेक पाणी पानांतून उडून जातं, म्हणून थंडी संपता संपता पळस पानं टाकतो. गळती थांबली की मुळं खोलवरून जे थोडंथोडं पाणी ओढतात ते खोडात-फांद्यांत साठत जातं, आणि आधीच तयार असलेल्या कळ्या त्यावर फुगतात. रॉल्फ बोर्चर्ट यांनी मध्य अमेरिकेत, कोस्टारिकाच्या शुष्क पानझडी रानात, १९९०च्या दशकात हे मोजमाप करून दाखवलं. पानगळीनंतर पाऊस नसतानाही खोडातलं पाणी पुन्हा भरून येतं आणि त्यामागून फुलं येतात. जंगल परकं असलं तरी अडचण आपल्यासारखीच, सहा-सात महिन्यांचा कोरडा काळ.

म्हणून झाडांची तारीख पक्ष्यांइतकी पक्की नसते. परतीचा पाऊस लांबला, जमिनीत ओल टिकली, तर पानं उशिरा गळतात आणि बहारही सरकतो. मुरमाड माळावरचा पळस आधी आणि ओढ्याकाठचा मागून, असं एकाच शिवारात दिसतं. उजेडाचा अंमल झाडांवर मुळीच नाही असं मात्र नाही. पावसाच्या कितीतरी आधी, भर उन्हात फुटणारी कोवळी पालवी वाढत्या दिवसाच्या इशाऱ्याने येते, असं बोर्चर्टच दाखवून गेले. मार्चमध्ये लालभडक पालवीने नटलेलं कुसुमाचं झाड दुरून फुललेलंच वाटतं, त्याचं कोडं इथे सुटतं.

निष्पर्ण फुलण्याचे फायदे उघड आहेत. पानांआड काही लपत नाही, मैलावरून दिसतं. आणि बी वेळेत तयार होतं. पळसाच्या चपट्या शेंगा मे-जूनमध्ये वाऱ्यावर जातात, काटेसावरीची बोंडं फुटून कापूस उडतो तोही पावसाच्या आधी. बी जमिनीवर पडायला आणि पहिली सर यायला गाठ पडते. तोवर पळसाला पानंही आलेली असतात, तीनच.

गणेरचं तंत्र जरा निराळं. टेकड्यांवर, खडकात उगवणारं हे झाड, फुलं तळहाताएवढी, पिवळीधमक. त्यात मध नसतोच, असतो फक्त पराग, तोही बारीक छिद्राच्या पुंकेसरांत कोंडलेला. भुंगा फुलाला कवटाळून पंखांचे स्नायू थरथरवतो तेव्हा तो झडतो. जवळ उभे राहिलात तर गुणगुण अचानक तीव्र होते, तो हाच क्षण.

मोहाची रात्रपाळी. फुलं रात्री उमलतात, वटवाघळं येऊन जातात आणि पहाटे रसाळ पाकळ्यांचा पुडका टपटप खाली पडतो, स्त्रीकेसर मात्र झाडावर राहतो आणि त्याचं फळ होतं. पूर्व विदर्भातल्या कितीतरी घरांचा मार्च-एप्रिलचा पैसा या पहाटेच्या वेचणीवर असतो. झाडाखालचा पाचोळा जाळून जागा मोकळी करायची जुनी पद्धत आहे आणि रानातले पुष्कळ वणवे तिथूनच सुटतात, हेही सांगायला हवं.

जमिनीवरच्या रानफुलांचं वेळापत्रक मात्र पार वेगळं. थंड देशांत वसंतातली रानफुलं म्हणजे झाडाखालची फुलं. वरच्या झाडांना पालवी फुटून सावली पडायच्या आत ती घाईने उरकून घेतात, कारण तिथे तुटवडा उजेडाचा. आपल्याकडे मार्चमध्ये रानात उजेड नको तेवढा आहे, पाणी नाही. म्हणून जमिनीवरची गर्दी थांबते ती थेट जूनपर्यंत. पहिल्या पावसानंतर आठवड्या-दोन आठवड्यांत साग-तेंदूच्या रानात खाली बघत चाललात तर काळ्या मुसळीचं सहा पाकळ्यांचं पिवळं फूल जमिनीला टेकून उमललेलं सापडतं. भर उन्हात फुलायची हिंमत करतो तो कोळकांदा. पान एकही नाही आणि वाळल्या गवतातून नुसता एक दांडा वर येतो. जमिनीखाली कांद्यात पाणी राखून ठेवलेलं असलं की असा थाट करता येतो.

शहरातल्यांनी एप्रिलनंतर बहाव्याकडे बघावं. सिव्हिल लाइन्सच्या रस्त्यांवर त्याचे पिवळे घोस लोंबतात. बहावा फुलला की अमुक दिवसांनी पाऊस, असा मेसेज दर उन्हाळ्यात व्हॉट्सअॅपवर फिरतो. बहावा मागे झालेल्या पानगळीचा आणि साठवलेल्या पाण्याचा हिशेब सांगतो. हिंदी महासागरावर काय शिजतंय ते त्याला विचारू नये.

आलेला की बोलू लागलेला?

मार्चमध्ये कोकिळ आला, असं आपण म्हणतो. तो गेलाच नव्हता. हिवाळाभर घराजवळच्याच वड-पिंपळावर फळं खात मुकाट बसला होता. दिवस वाढतो, संप्रेरकं वाढतात आणि नर गळा काढतो. मादी ठिपक्याठिपक्यांची, तिचा आवाज नुसता किक-किक. कोकिळची सगळी धांदल कावळ्याच्या घरट्यावर अवलंबून. उन्हाळ्यात कावळे काड्या जमवू लागले की मादी संधी साधते. तांबटाची टुकटुक, दयाळची पहाटेची शीळ, हीही बोलू लागलेल्यांचीच यादी. वसंतात घराजवळ ‘नवे’ वाटणारे बहुतेक पक्षी या यादीतले.

पावशाही इथलाच, थोडाफार इकडेतिकडे होणारा. दिसायला शिक्र्यासारखा, म्हणून लहान पक्षी त्याला बिचकतात. ‘पेर्ते व्हा’ हा त्याचा आवाज शेतकऱ्याने पेरणीशी जोडला. पावशाचं लक्ष असतं सातभाईंच्या घरट्यावर, कारण अंडी तिथे घालायची. चातकाचंही लक्ष तिकडेच. मात्र चातक खरा येणारा. आपल्याकडे जूनमध्ये दिसणारे चातक आफ्रिकेतून, नैर्ऋत्य मान्सूनच्या वाऱ्याबरोबर समुद्र ओलांडून येतात. पाऊस आला की अळ्या-सुरवंट वाढतात, सातभाईंचीही पिल्लं त्याच दिवसांत, आणि चातकाचा पाळणा त्यांच्याच घरी.

हिशेब चुकला तर काय होतं याचं नमुनेदार उदाहरण नेदरलँड्समधलं आहे. तिथला काळा-पांढरा माशीमार पश्चिम आफ्रिकेत हिवाळा काढून वसंतात परततो आणि पिल्लांना ओकच्या झाडावरचे सुरवंट भरवतो. क्रिस्टियान बोथ आणि मार्सेल व्हिसर यांनी १९८० ते २००० या काळातल्या नोंदी तपासल्या. हवा तापल्याने सुरवंटांचा हंगाम लवकर येऊ लागला होता, पक्षी मात्र आफ्रिकेतून निघायची तारीख बदलत नव्हता, कारण तो बघत होता उजेड आणि सुरवंट बघत होते उष्णता. येऊन बघतो तर ताटातलं अर्धं संपलेलं.

नवरंग मात्र आधी येऊन थांबणारा. दक्षिण भारत आणि श्रीलंकेत हिवाळा काढून तो मे महिन्यात मध्य भारतातल्या रानांत पोचतो, पाऊस पडायच्या थोडं आधी. मग पालापाचोळा ओला झाला की त्यातले किडे-गांडुळं खाऊन वीण उरकतो. गोरेवाडा, पेंच, उमरेड-पवनी-करांडला इथे जूनमध्ये सकाळी-संध्याकाळी त्याची दोन सुरांची शीळ ऐकू येते. हिरवी पाठ, निळा खांदा, पोटाखाली शेंदरी, डोळ्यावरून काळी पट्टी, आणि एवढे रंग लेवून पाचोळ्यात असा मिसळतो की शिळेवरूनच शोधावा लागतो. रात्री प्रवास करणारा असल्याने शहरातल्या दिव्यांनी भांबावतो, काचांवर आदळतो आणि सकाळी कुणाच्या बाल्कनीत किंवा अंगणात बसलेला आढळतो. नागपुरात असा नवरंग मिळाला तर पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडून त्यात ठेवा, वरून झाका, मांजर-कुत्र्यापासून लांब, पंख्याखाली नको. चोच उघडून पाणी पाजू नका, ते श्वासनलिकेत जातं. फोटोसाठी सारखं झाकण उघडू नका. तासा-दोन तासांत बरेचसे सावरतात. मग दाट झाडी असलेल्या जागी खोकं उघडून बाजूला व्हा. पंख लोंबत असेल किंवा उडायला बघतच नसेल, तर सेमिनरी हिल्सवर वनखात्याचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, तिकडे न्या.